सुभद्रेचं मंगलाष्टक आणि माझं डोकं

१२ नोव्हेंबर, देवास
आजही डोकं दुखलं. पेपर हातात घेतला की कपाळात सुरू. कारण सापडलं: पोह्यांवरची तिखट सेव. उद्यापासून बंद. सौ. म्हणाली, बावन्न पूर्ण झाली, डोळे तपासा. दुर्लक्ष केलं. हल्ली छपाईच बारीक करतात, त्याला मी काय करणार?

१४ नोव्हेंबर
सेव बंद. (संध्याकाळी मूठभर खाल्ली, ती धरत नाही.) दुखणं तसंच. म्हणजे पित्त. चहा बंद, आठ ग्लास पाणी, कपाळाला सुंठीचा लेप. गोळी घेणार नाही. निसर्गावर माझा विश्वास आहे.
धारहून धाकट्या बहिणीचा, सुभद्रेचा फोन. लेकीच्या, अनन्याच्या लग्नासाठी तिनं स्वतः मंगलाष्टक रचलंय. आमचा अर्पित म्हणाला, मी वाचतो. मला हसू आलं. पोरगा हिंदी शाळेतला, मराठी अक्षरं जोडत जोडत वाचतो. मांडवात शोभा होईल. मामा असताना दुसरं कोणी कशाला, असं ठणकावून सांगितलं.

१७ नोव्हेंबर, रात्री ९
चहा सोडल्यापासून दुखणं दुप्पट. चहा सुरू. लेप जास्त वेळ ठेवला, कपाळ लाल. ऑफिसात विचारत होते, कुठे आपटलात. मंगलाष्टकाचा कागद आला, सुभद्रेच्या मुंगीएवढ्या अक्षरात. पाठ करायला बसलो, डोकं ठणकलं. राहू दे. ऐनवेळी वाचलेलंच मनापासून वाटतं.

२१ नोव्हेंबर
नाकात तुपाचे दोन थेंब, तळपायाला तेल, टेकडीवर अनवाणी फेरी. वरून पार लांबच्या दुकानाची पाटी वाचली. डोळे उत्तम! सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं, मंगलाष्टकही टेकडीवरूनच वाचणार का.

२४ नोव्हेंबर, धार
लिहवत नाही. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. कागद उघडला. नुसत्या काळ्या रेघा. हात लांब करत करत भटजींच्या कानापर्यंत नेला. एक शब्द लागेना. दोनदा खोकलो. शेवटी नुसतंच 'शुभमंगल सावधान' म्हणून टाकलं. अक्षता पडल्या. सुभद्रा माझ्याकडे बघतच राहिली. डोकं दुखतंय म्हणालो, कागद अर्पितच्या हातात कोंबला आणि जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. स्पीकरवर त्याचं अडखळत वाचणं ऐकू येत होतं. कोणी हसत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी कानांवर हात ठेवले.

२६ नोव्हेंबर, देवास
चाळिशी आणली. नंबर दोन. पेपर वाचला, पंचांग वाचलं, तिखट सेवेच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. डोकं दुखलं नाही. सौ.नं पंधरा दिवसांच्या पेपरांचा गठ्ठा समोर आणून ठेवला.
अर्पितकडून तो कागद मागून घेतला. शेवटच्या ओळीत सुभद्रेनं लिहिलंय, आजोबा आज नाहीत, पण त्यांच्या जागी श्रीपादमामा उभा आहे.
अर्पितला विचारलं, ही ओळ वाचलीस का. म्हणाला, वाचली ना बाबा, आत्या पलटून पलटून तुम्हालाच ढुंढत होती.