एक ओळ खोडण्याचा हक्क

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, व्यवसाय लॅटिनमधून मराठीत भाषांतर, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. थकल्याचा दाखला कोणी मागितला नाही, तो मीच देतो.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावे. बँकेत जे उरले असेल तेही तिचेच. माझ्या धाकट्या भावाने यात नाक खुपसू नये. घराला रंग द्यायच्या वेळी त्याची कंबर धरली होती, ती अजून सुटली नसेल असे मी धरून चालतो.

२. कोश, भिंग आणि बुटांच्या अकरा खोक्यांतली शब्दांची कार्डे ग्रंथालयास द्यावीत. पाठ निखळलेला कोश तेवढा त्या समीक्षकास द्यावा, ज्याने "या भाषांतराला कोशाचा वास येतो" असे छापले होते. आता घरबसल्या घ्या म्हणावे वास.

३. ज्या पुस्तकाने माझे नाव झाले, ते म्हणजे माणसांची झाडे, पक्षी, दगड होण्याच्या कथांचे प्राचीन लॅटिन काव्य. बावीस वर्षे त्यात गेली. आजच्या वाचकाला ते आपले वाटावे म्हणून मी नाही नाही त्या उठाठेवी केल्या. एका कथेत देवापासून पळणारी मुलगी शेवटी झाड होते. मुळात तिथे झाडाचा शेंडा हलल्यासारखा वाटतो, एवढेच. मला ते कोरडे वाटले. मी पदरची ओळ घातली: 'झाड झाली तशी ती हसली, आणि तिची पाने त्याच्याकडे वळली.'

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. प्रुफे आम्ही दोघे मिळून तपासायचो. मी लॅटिन वाचून अर्थ सांगायचा, तिने मराठीवरून बोट फिरवायचे. या ओळीशी तिचे बोट थांबले.

"बाबा, हे मुळात आहे?"

"नाही. पण वाचकाला शेवट गोड लागतो."

"अहो, ती जीव मुठीत धरून पळत होती. हसेल कशाला?"

"तुला नाही कळायचं अजून."

ओळ छापली आणि गाजली. लोक ती लग्नपत्रिकांवर घालू लागले. आठ वर्षांनी मुलीच्या पत्रिकेवर मीच ती हौसेने घातली. लग्नाला दीड वर्ष होते न होते तोच ती एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. मनगट सुजले होते. मी चहा केला आणि म्हणालो, "त्याचा जीव आहे गं तुझ्यावर. थोडं जुळवून घे." संध्याकाळी मीच तिला परत पोचवले. तिथून सुटायला तिला आणखी तीन वर्षे लागली, आणि सुटली ती माझ्या मदतीशिवाय.

आता तिचे चष्म्याचे दुकान आहे. माझे चष्मे तीच करते. मागल्या खेपेला म्हणाली, "नंबर वाढलाय, बाबा. पण तुम्हाला दिसायचं तेवढंच दिसतं." मला फार लाज वाटली.

४. प्रकाशकांना सातव्या आवृत्तीची घाई झाली आहे. पुस्तकाचे सर्व हक्क मी मुलीस देतो. ती ओळ खोडायला मी दोनदा पेन उचलले, पण आयुष्यभर दुरुस्त्या मीच करत आलो. ही तिने करावी, किंवा ओळ ठेवावी, किंवा पुस्तकच बंद करावे. तिच्या सहीवाचून एक पानही छापू नये. फोन करकरून तिला पिडू नये. प्रकाशकांचा तो खाक्या मला ठाऊक आहे.

५. माझ्या शोकसभेत ती ओळ कोणी म्हणून दाखवू नये. कोणी उठलाच, तर त्याला खाली बसवावे.

साक्षीला मुलीला बोलवा, असे मी वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष घेत नाहीत, सर." नियम असेल तर असो. ज्या टेबलावर मी ही सही करतो आहे, त्यावरच तिने ते सुजलेले मनगट ठेवले होते. तिची साक्ष मी तेव्हाही घेतली नव्हती.

मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी एकही दुरुस्ती सुचवली नाही.

ठिकाण: स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९

(सही) भाषांतरकार

साक्षीदार:
१. (सही) खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
२. (सही) छापखान्यातले जुने खिळेजुळारी