रेचलने न घेतलेला चहा

शुक्रवार, संध्याकाळ

रेचल मघाशी गेली. समोरच्या फ्लॅटमधली अमेरिकन बाई, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. मी सवयीने तिच्यापुढे आल्याचा चहा ठेवला. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही. विनयला ते माहीत होतं, पण मला सांगावंसं त्याला वाटलं नाही. वर तिच्यासाठी त्यानेही आपला कप बाजूला सरकवला. एकोणीस वर्षं माझ्या हातचा चहा पिणारा माणूस.

दीड तास बोलत बसले दोघं. ती म्हणाली, आमच्याकडे माणसाचा आत्मा मुळात देवाने घडवलेला नाही, तो देवाइतकाच अनादी आहे. विनय, दिवसभर पंप दुरुस्त करणारा माणूस, पुढे सरकून ऐकत होता. सांख्य दर्शनातले पुरुष, म्हणजे आत्मे, असंख्य आणि अनादी, हे मी त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगायला गेले होते. तेव्हा तो मॅच बघत होता.

राग नक्की कोणाचा आला मला? बाई तशी साधी आहे. तेच तर.

ती गेल्यावर म्हणाला, "अगं, तू एम.ए.ला केलं होतंस ते सांख्य काय होतं? नीट सांग ना."

मी सांगत गेले. अर्धा तास. इतकं छान वाटलं की आता लाज वाटते. तो फोनवर लिहून घेत होता.

"खलास, एवढं पुरे," म्हणाला. "रेचलला पाठवतो."

दोन्ही कप अजून टेबलावर आहेत. साय धरलीय. मी उचलणार नाही.