दोन हात लाकूड

ओबरमाट, सेंट व्हिटसच्या सणानंतरचा सोमवार, सन १५२१

चि. योस्टला आजी आपोलोनियाचे पोटभर आशीर्वाद,

तुझं पत्र आलं आणि मी दूध तसंच ठेवून धावले. मांजरीने प्यायलं. पिऊ दे मेलीला! पाद्रीबाबांकडे न जाता स्वतः वाचलं, बोट ठेवून ठेवून. नातू लोंबार्डीत भालेवाल्यांच्या दुसऱ्या रांगेत आहे, हे विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. दोनदा.

पण बाळा, ते भाला कापल्याचं काय? चालताना जड होतो म्हणून तुझ्या रांगेतल्या त्या वेल्टीने आपला दोन हात कापला, म्हणून तूही? वर लिहितोस, सगळेच कापतात. सगळे शेण खातील, तूही खाशील?

तुझ्या आजोबांच्या रांगेनेही कापले होते. बाराचे दहा हात झाले, समोरच्यांचे बाराच होते. वीस गेले, सात आले. अरे, ते दोन हात लाकूड म्हणजे समोरच्याला लांब ठेवणारं कुंपण. आजच हवालदाराला सांग. शिव्या खा, मार खा, पण पूर्ण भाला घे. ठिपकी गाय व्यायली, कालवड आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मला घास उतरायचा नाही.

माया पातळ करू नकोस, पाय कोरडे ठेव.

तुझी आजी


छावणी, सेंट जेम्सच्या सणाची आदली सकाळ

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.,

काल लढाई झाली. मी जिवंत आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी हवालदाराला सांगितलं. त्याने सगळे भाले जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. विसांत अकरा आखूड. सगळ्यांना नवे मिळाले, आधी फटके मिळाले. वेल्टी मला आजीचं वासरू म्हणायचा आणि जेवताना पाठ करून बसायचा.

काल आमचे बंदूकवाले बार काढून आमच्या भाल्यांखाली घुसले. मग जर्मन भालेवाले भिडले. माझ्या पुढचा पडला, मी त्याच्या जागी गेलो. समोरचा माझ्याच वयाचा. त्याचा भाला माझ्या छातीपर्यंत पोचेना. माझा पोचला. नंतर त्याचा उचलून पाहिला, मागचं टोक करवतीने कापलेलं होतं.

वेल्टी आता शेजारी बसतो, माझ्या ताटात मांस वाढतो. मला जेवण जात नाही.

तुझा योस्ट


ओबरमाट, मेरीमातेच्या सणानंतरचा शनिवार

चि. योस्टला आजीचे आशीर्वाद,

जिवंत हा शब्द वाचला आणि पुढचं न वाचताच सुटले. अख्खं चीज कापलं, आळीभर वाटलं. म्हातारी नाचतेय म्हणून पोरंटोरं हसली. उरलेलं संध्याकाळी वाचलं.

तेव्हापासून घरात बसवत नाही. गोठ्यात जाते, कशाला आले ते विसरते. त्या समोरच्या पोराला कुणी लिहिलं नसेल का? की लिहिलेलं वाटेतच राहिलं?

आज चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. पाद्रीबाबांनी विचारलं, दुसरी कुणाची. जर्मनाची म्हटलं असतं तर त्यांनी फुंकरच मारली असती. म्हटलं, आमच्या योस्टच्या समोर उभा होता, नाव विसरले. ते म्हणाले, योस्टच्या शेजारी म्हणायचंय का आजी? मी मान डोलावली.

भाला पूर्णच ठेव. हे पुन्हा लिहितेय. पूर्ण घे म्हणून मीच सांगितलं, तेव्हा त्या पोराचं मरण माझ्या नावावर. तू जेव.

आजी