चावू दे म्हणावं एकदाचं

२ मार्च, शनिवार. सकाळ.
सुटलो. मालिका सोडली. नऊ वर्षं ‘पाहुणा तिन्हीसांजेचा’ नावाचं गटार रोज उपसलं, आता बास. यापुढे फक्त सिनेमा.

मालिकेत होतं काय? एक जुनी हवेली. तिथं एक रक्तपिपासू पाहुणा मुक्कामाला येतो आणि जायचं नाव घेत नाही. रोज तो थोरल्या सुनेच्या मानेवर वाकतो, सुळे बाहेर काढतो, आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी दार वाजतं, नाहीतर वीज पडते, नाहीतर धाकट्या जावेचं पोर रडत उठतं. नऊ वर्षांत त्याचे सुळे तिच्या मानेला एकदाही टेकलेले नाहीत. तरी लोक बघतात. लोकांची मला शिसारी येते.

आता शेठ, म्हणजे मालिकेचे निर्माते, त्याच गोष्टीवर मोठा सिनेमा काढतायत. लेखक मी. दोन तासांत सगळी गोष्ट, आणि शेवटी पाहुणा खरोखर चावणार. शेठ म्हणाले, पब्लिक फक्त तेवढ्यासाठी तिकीट काढेल. मी म्हटलं, पब्लिकचं सोडा, मी कलेसाठी चाववणार आहे.

संकल्प: रोज पहाटे दहा पानं. पाच पानं होईपर्यंत चहा नाही.

तीच तारीख. संध्याकाळ.
शेठचा फोन. सोमवारपासून मालिका कोण लिहिणार, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, कुणीही लिहील, त्यात लिहिण्यासारखं आहे काय. ही शेजारीच बसली होती. इतकी वर्षं मी सांगायचो आणि ही टाइप करायची. म्हणाली, दुसरं कुणी मिळेपर्यंत मी सांभाळते. परवानगी दिली. बिचारीला तेवढाच विरंगुळा. सगळं तंत्र एका वाक्यात शिकवलं: वाकव आणि थांब.

६ मार्च, बुधवार.
पहाटे उठलो होतो. टेबल फार अस्वच्छ वाटलं, ते आवरलं. मग चहा घेतला. पाच पानांचा नियम लिहायला बसल्यापासून लागू होतो, आवरण्यापासून नाही.

दुपारी सेटवर गेलो. मालिका सोडून आल्यावर तटस्थ नजरेनं बघावं म्हटलं. बघवलं नाही. शवपेटीतल्या फोमला कुबट वास मारतो. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग, त्यामुळे थोरल्या सुनेच्या खांद्यावर मुंग्या. ती एका हातानं मुंग्या झटकत दुसऱ्या हातानं फोन बघत होती. पाहुण्याचं काम करणारा नट, सेटवर सगळे त्याला धनी म्हणतात, सुळे काढून बशीत ठेवून बिस्किट खात होता. मला बघून म्हणाला, हिरडी फार दुखते हो, सिनेमात सुळे जरा हलके करा. त्याच बशीत मग मला चहा दिला.

प्यालो. माणुसकी म्हणून.

११ मार्च, सोमवार.
पहिला प्रसंग झाला. हवेली आणि धुकं. फक्त धुकं. सिनेमाची भाषा ही अशी असते. धुक्यावर चार दिवस काम केलं, पण एक शब्द फालतू नाही.

दिग्दर्शकाला वाचून दाखवलं. हा काटकुळा तरुण गृहस्थ खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसांचे सिनेमे काढतो आणि फारसा बोलत नाही, म्हणून मला त्याच्याविषयी आदर आहे. त्यानं विचारलं, धुक्यानंतर काय होतं. मी म्हटलं, धुकं हेच होणं आहे. तो गप्प बसला. एवढा भारावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

१९ मार्च, मंगळवार.
सासूबाईंचा फोन. मालिकेला आता वेग आलाय म्हणे, पूर्वी फार रेंगाळायची. गाढवाला गुळाची चव काय. त्यांना वाटतं मालिका अजून मीच लिहितो, म्हणून माझं अभिनंदन केलं. मी नम्रपणे स्वीकारलं. म्हातारं माणूस, कशाला समजावत बसा.

ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहिते. एकीकडे भाजी चिरते. जेवणाआधी भाग संपवते आणि दुपारी पाय वर करून झोपते. मला मात्र दिवसभर डोळ्याला डोळा लागत नाही. कारागीर आणि कलावंत यांच्यात फरक असतो तो हाच. जेवणानंतर जरा पडलो होतो, पण ते चिंतन.

शेठनी नवीनच काढलंय: चाव्याचा प्रसंग आधी द्या. जाहिरातीसाठी तोच पहिल्यांदा शूट करायचाय. दहा एप्रिलपर्यंत हवा, नाहीतर हवेलीच्या तारखा जातील आणि सिनेमाही जाईल. मी म्हटलं, दोन दिवसांत देतो.

२८ मार्च, गुरुवार.
चाव्याचा प्रसंग.
पहिला खर्डा: पाहुणा वाकतो. दार वाजतं. फाडला. सवय.
दुसरा खर्डा: पाहुणा वाकतो. थोरली सून डोळे उघडते. तो मागे सरतो. फाडला.
तिसरा: वाकतो. दिवे जातात.
चौथा: वाकतो. त्याला आई आठवते.

चौथा मला फार आवडला. दिग्दर्शकाला पाठवला. तो म्हणाला, हा तर मालिकेचा भाग झाला. मला. हे मला म्हणाला. खिडकीतून बाहेर बघत दोन तास काढणाऱ्या माणसानं मला हे म्हणावं? असल्या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे चिखलात उभं राहून पाय धुणं. संध्याकाळपर्यंत तोंडात कडवट चव होती.

पाचवा: वाकतो. मांजर.

३ एप्रिल, बुधवार.
उणीव माझ्यात नाही, अभ्यासात आहे, हे लक्षात आलं. माणूस चावतो कसा, हे मी कधी पाहिलेलंच नाही.

सेटवर जाऊन धन्याला म्हटलं, या उकडलेल्या बटाट्याला चावून दाखवा. त्यानं दाखवलं. सुळा बटाट्यातच राहिला. तो त्यानं बोटानं उकरून काढला, शर्टाला पुसला आणि परत तोंडात बसवला. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. आणि हा माणूस बायकांचा लाडका.

घरी येऊन हिला म्हटलं, जरा मान दाखव, कामाचं आहे. ही म्हणाली, लवकर, गॅसवर दूध आहे. केस बाजूला घेऊन उभी राहिली. मी वाकलो. हिच्या मानेवर कानाखाली एक बारीक तीळ आहे. तो मला माहीत नव्हता. मी वाकलो आणि तिथंच थांबलो. ही म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मुद्दा कळला. मग ही दूध बघायला गेली.

मुद्दा नक्की कोणता, ते उद्या लिहून ठेवीन.

९ एप्रिल, मंगळवार.
उद्या प्रसंग द्यायचाय. शेठना कळवलं की ताप आहे. ते म्हणाले, तापात माणूस जास्त चांगलं लिहितो. यांना काळीज नाही, फक्त तारखा आहेत.

सकाळपासून अठरावा खर्डा. वाकतो, इथपर्यंत उत्कृष्ट आहे. त्याच्यापुढे पेन जात नाही. शाई बदलून पाहिली.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. म्हणाली, शुक्रवारच्या भागाचा शेवट अडलाय. वीज या आठवड्यात दोनदा पडून झाली, पोर रडून झालं, मांजरही झालं. (मांजर माझं होतं. हिनं माझ्या कचऱ्याच्या टोपलीतून उचललं असणार.) काय करू? माझं डोकं आधीच धुक्यात. म्हटलं, अगं चावू दे म्हणावं एकदाचं, आणि मला सोड.

ही म्हणाली, नक्की?
मी म्हटलं, नक्की.
दारात जाऊन परत वळली. म्हणाली, बघा हं, परत विचारते, चावू दे?
मी म्हटलं, हो, हो, हो.

नंतर वाईट वाटलं. आपल्याहून कमी वकुबाच्या माणसावर खेकसू नये. संकल्प: यापुढे हिच्याशी सौम्य बोलणे. कपातला चहा तसाच राहिला.

१२ एप्रिल, शुक्रवार.
शेठकडे प्रसंग अजून दिलेला नाही. सोमवारी देतो म्हटलंय. ताप.

मी मालिका बघत नाही. पाणी प्यायला म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो, ही बघत बसली होती, आणि पेला हातात असताना कुठेतरी उभं राहावंच लागतं.

वीज पडली नाही. दार वाजलं नाही. संगीतसुद्धा नव्हतं. धनी आला, थोरली सून चादरीच्या घड्या घालत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, किती दिवस नुसते वाकणार? तो वाकला. आणि चावला. तिनं त्याची बाही घट्ट धरली, एवढंच. मग कॉलर नीट केली आणि म्हणाली, तोंड पुसा, खाली माणसं जेवायला बसलीत.

संपलं. अर्धा पेला पाणी पिऊन होईपर्यंत सगळं संपलं. नऊ वर्षं.

माझा हात मानेवर गेला होता. कधी गेला कळलं नाही. समोरच्या इमारतीतही कुठे आवाज नव्हता. ही टीव्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, प्रकाशयोजना फारच सुमार आहे. आणि आत आलो.

मला काहीतरी झालंय. ताप खरा असावा.

१३ एप्रिल, शनिवार.
सकाळी शेठचा फोन. आधी वाटलं, सवलत देतायत.

सिनेमा बंद. म्हणाले, पब्लिकला जे तिकीट काढून बघायचं होतं ते काल घरबसल्या फुकट मिळालं, आता थेटरात काय धुकं बघायला येणार? मी म्हटलं, धुक्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं. ते म्हणाले, नको.

मग म्हणाले, पण तुमचे आभार मानायचेत. वहिनी सांगत होत्या, चावू दे म्हणून तुम्हीच सांगितलंत. मालिका इतकी कधीच चालली नव्हती. आता चावल्यावर थोरल्या सुनेलाही भूक लागणार, ती कुणाकुणाला चावणार याचं वर्षभराचं वहिनींनी सगळं बांधून दिलंय. मोठं मन आहे तुमचं, स्वतःच्या सिनेमावर पाणी सोडलंत.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, कलेपुढे सिनेमा काय. फोन ठेवला. तसं बघितलं तर सिनेमाचा धंदाच आता बसत चाललाय. वेळेत बाहेर पडलो.

१५ एप्रिल, सोमवार.
हिच्याशी बोललो. सौम्यपणे सुरुवात केली होती. मग म्हटलं, तू माझा गळा कापलास. ही म्हणाली, मी दोनदा विचारलं. मी म्हटलं, दोनदा विचारून कापलास.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, नऊ वर्षं मी टाइप करतेय. रोज शेवटच्या पानाला वाटायचं, आज हे त्याला पुढे जाऊ देतील. कधी दिलं नाहीत. सिनेमातही दिलं नसतंत. मला माहीत होतं, म्हणून मी थांबले नाही.

हिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर मला उत्तर सुचलं असतं. मी म्हणालो, तांदळात खडे फार येतात हल्ली. फार लागलं मला. लिहून ठेवतो, फार लागलं. कारण ही खोटं बोलत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार.
कालची नोंद आवेशात लिहिली गेली. हिला साहित्यातलं कळत नाही.

२२ एप्रिल, सोमवार.
शेठनी दुसरं काम दिलंय. मालिकेच्या सुरुवातीला निवेदक एक वाक्य वाचतो, आदल्या भागात काय झालं त्याचं. ते लिहायचं. मी स्पष्ट नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. दुपारी होकार कळवला, कारण दिवसभर घरात नुसतं बसलेलं हिला आवडत नाही.

मजकूर हिच्याकडून मंजूर करून घ्यायचा, अशी अट आहे. अपमान आहे, पण घरातल्या घरात आहे.

सुट्टीमुळे पाच दिवस मालिका बंद होती, म्हणून पहिलंच वाक्य त्या शुक्रवारचं. दीड पान लिहिलं. ही म्हणाली, धुकं काढा. काढलं. म्हणाली, हवेलीचा इतिहास काढा. काढला. म्हणाली, नुसतं काय झालं तेवढं लिहा, पाचपर्यंत द्या, कागद न्यायला सेटवरची गाडी येईल. बसलो. एक ओळ राहिली. स्वच्छ, नेमकी, आयुष्यात लिहिलेली सगळ्यात चांगली ओळ: ‘पाहुणा थोरल्या सुनेच्या मानेवर वाकला आणि’. पुढे तीन टिंबं.

हिनं टिंबं खोडली, तिथं ‘चावला’ असं लिहिलं आणि कागद गाडीवाल्याकडे दिला.