आत्याचा स्क्रू

लातूर, ११ एप्रिल २०१६

ती. कुसुमताईस,
उद्धवचा सप्रेम जयभीम. वि. वि.

धुरपताआत्या लोह्यात टँकरवर पाइप सोडायला चढली आणि घसरून पडली, हे तुला कळलंच असेल. नांदेड जवळ असून गाडी माझ्याकडे आणायला लावली. जिथं माझ्या दादाला कापलं तिथं मी मेले तरी येत न्हाई, म्हणाली. बाबांनी देहदान केलं आणि ते तुझ्याच कॉलेजात गेले, याचा राग अजून तुझ्यावरच आहे. फोनवर बोललो की कान टवकारून ऐकते, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतोय.

कमरेखालचं तिकोनी हाड, आपली त्रिकास्थी, डावीकडे मोडून सांधा सुटलाय. परवा स्क्रू घालायचा, नेहमीसारखा वरच्या पहिल्या खंडातून, सरळ आडवा. असे कितीतरी घातलेत. तरी या वेळी जीव थाऱ्यावर नाही. जरा चुकलं तर पाऊल उचलणारी नस जाईल, आणि ही बाई पाय ओढत चाललेली मला बघवणार नाही. वॉर्डात उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडणं चालतात, आत्या दोन्ही बाजूंना शिव्या देते. ऑपरेशनपुरतं पाणी तरी येईल का, याचीही धास्ती आहे. तू काहीतरी सांग.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा उद्धव

नांदेड, १२ एप्रिल २०१६

चि. उद्धव यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आमच्या शरीररचना खात्यातलं कपाट उघडलं. बाबांच्या हाडांची पेटी मी आजवर उघडली नव्हती, मुलांना दुसऱ्या हाडांवर शिकवते. आज उघडली. आधी रडले, मग कामाला लागले.

त्यांच्या त्रिकास्थीचे खांदे सपाट नाहीत, पुढे खाली एकदम उतरतात. पहिल्या खंडातली जागा अरुंद आणि तिरपी आहे. विणायची सुई हाडावर सरळ आडवी धरून पाहिली, तर ती उतरत्या खांद्यापुढे, हाडाबाहेर गेली. तुझी ती नस नेमकी तिथूनच जाते. दुसऱ्या खंडात मात्र सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत हाडातच राहते. भावाचं तसं बहिणीचं असेलच असं नाही. पण तिच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही जागा मोजून बघ, सवयीनं घालू नकोस.

पाणी उकळून पी. आत्याच्या शिव्या माझ्या वाटणीच्या समजून ऐकून घे.

तुझी काळजी करणारी,
ताई

लातूर, १५ एप्रिल २०१६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

आत्याचं हाडही बाबांसारखंच उतरतं निघालं. सीटी माझ्या समोरच होती, पण मी मोडलेला सांधाच बघत बसलो होतो. दुसऱ्या खंडातून घातला. नीट बसला. शुद्धीवर आल्यावर पाऊल वर उचल म्हटलं, तर उचललं आणि वर लाथ घालीन म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन उगीच चहा प्यायलो.

मग तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता भडकणार. तर तिनं हळूच विचारलं, दादाचं ते हाड अजून कुसुमजवळ हाय का. मी हाव म्हटलं. तर म्हणाली, टाके निघाले की मला नांदेडला ने, दादाला पाय हलवून दाखवायचाय.

पेटी वर काढून ठेव. लोभ असू दे. आता तिचाही आहे.

तुझा उद्धव