थिनरचे डाग

प्रिय रंगराव,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू म्हणशील, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. अरे, तोंडावर बोलायला गेलो तर तू हसण्यावारी नेशील. जन्मभर लोकांच्या ओल्या भिंतींवर रंगाचा हात मारत आलास, तीच खोड बोलण्यातही उतरली आहे. अवघड विषय निघाला की तुझा एक विनोद त्याच्यावरून फिरतो आणि खालची ओल तशीच राहते. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. दुकान आज दुपारीच बंद केलंय. चहा केव्हाच थंड झालाय, तो तसाच पीत लिहायला बसलोय.

त्या बाईपासून सुरुवात करतो. माझी बायको वारल्यानंतर चार वर्षांनी मी पैसे देऊन कुणाकडे तरी जाऊ लागलो, हे तुला सांगितलं तेव्हा तू मला नावं ठेवली नाहीस. उलट हसता हसता आपलंही सांगून टाकलंस, की शेजारच्या शहरात महिन्यातून एकदा ‘जुन्या मित्रांकडे’ जातोस ते मित्र म्हणजे कोण. माझी धाकटी बहीण तुझी बायको आहे, हे त्या दिवशी दोघंही सोयीने विसरलो. मी काही काळजीचं विचारायला गेलो तर तू म्हणालास, आपल्या वयात आता कसली भीती, पोरं थोडीच होणार आहेत. मलाही ते पटलं होतं, हे लपवत नाही. आपल्या पिढीला निरोध माहीत झाला तो पोरं थांबवायला. पोरांचं वय सरलं की तो विषयही सरला, असं आपण धरून चाललो.

ती बाई पहिल्यांदा भेटली ती माझ्या दुकानात, गिऱ्हाईक म्हणून. पेपर दिसतो, पण त्याहून बारीक अक्षर दिसत नाही, अशी तक्रार होती. नेहमीचा तक्ता तिने धडाधड वाचला. मग पिशवीतून औषधाचं एक रिकामं खोकं काढून म्हणाली, यावरची तारीख वाचता आली पाहिजे, तेवढा नंबर द्या. मला वाटलं घरात कुणीतरी आजारी असेल. ती तारीख कसली ते मला पुढे तिच्या खोलीत कळलं. मी बनवलेला चष्मा नाकावर चढवून ती निरोधच्या पाकिटावरची मुदत वाचत होती, आणि मी खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो. खोलीत एक खाट, एक आरसा आणि भगभगीत दिवा. एवढा दिवा कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, अंधारात मी कुणालाच जवळ करत नाही, आधी नीट बघते. जखम आहे का, पुरळ आहे का, लघवीला जळजळ होते का, पिऊन आलात का, गेल्या काही महिन्यांत आणखी कुणाकडे जाणं झालं का, हे सगळं शाळेत नाव घालताना विचारावं तसं विचारलं. माझा जरा अपमानच झाला. मी म्हणालो, मी घरंदाज माणूस आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही स्वच्छ आहात ते दिसतंय, चष्मेवाले. पण रक्तात काय आहे ते तुम्ही दिलेल्या चष्म्यातून दिसत नाही.”

दर तीन महिन्यांनी ती सरकारी दवाखान्यात स्वतःची तपासणी करून घेते. मलाही तिने पाठवलं, नाहीतर येऊ नका म्हणाली. गेलो मुकाट्याने. पुढे पुढे मात्र माझ्यातला शहाणा जागा झाला. मी दुसरीकडे कुठे जात नाही, तू मला ओळखतेस, मग ते पाकीट आता कशाला, असं मी एकदा लाडात येऊन विचारलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलली. इतक्या वर्षांत तिला एकदाच आजार लागला, तो कुठल्या परक्या गिऱ्हाइकाकडून नव्हे. ज्याला तिने गिऱ्हाईक म्हणणं सोडलं होतं, त्याच्याकडून. परक्यापाशी ती डोळ्यांत तेल घालून सावध राहायची, आणि हा आपला म्हणून याच्यापाशी सैल सोडलं. तो माणूस वाईट नव्हता म्हणे. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यात माझ्या अकलेने दिवे लावले. या वयात शरीराला जरा मदत लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिच्याकडे त्यासाठी पाण्यातलं, बिनतेलाचं मलम असतं, पण त्या दिवशी ते संपलं होतं, आणि मी तिला न विचारता डोक्याला लावायचं तेल वापरलं. तेलाने रबर विरतं हे मला काय ठाऊक! फाटलं. ती ओरडली नाही की रडली नाही. मलाच तोंडघशी पडल्यासारखं झालं. तिने फक्त साडी नीट केली, चपला घातल्या आणि म्हणाली, चला. वाटेत रिक्षात तिने समजावलं, की एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या असतात, पण त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. नर्सने तिला विचारलं, वडिलांना काय होतंय? ती एवढी हसली की मलाही हसू आवरेना. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने एकदाही भुवई वर केली नाही. दोघांचं रक्त घेतलं, मला महिनाभराच्या गोळ्या दिल्या, आणि आज काही निघालं नाही तरी पुन्हा तपासायला यायचं, कारण नवी लागण लगेच दिसत नाही, असं दोनदा बजावलं. माझं रक्त आजवर तरी ठीक आहे, तिचंही. पुढची तपासणी व्हायची आहे.

पण हे पत्र माझ्या रक्तासाठी नाही. काल पुन्हा तपासायला गेलो तेव्हा त्या डॉक्टरणीच्या भिंतीवर एक तक्ता दिसला. सिफिलिस नावाच्या रोगाचा. पहिल्यांदा एक फोड येतो, दुखत नाही, आपोआप बरा होतो, माणूस विसरून जातो. मग काही आठवड्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठतात. त्यांना खाज नसते. तेही आपोआप जातात. डाग जातात, रोग जात नाही. त्या तक्त्यातले हात मी चष्मा पुसून पुन्हा बघितले, कारण तसेच हात मी पाहिले होते. दोन महिन्यांपूर्वी तुझ्याकडे जेवायला आलो होतो, तू मला पाण्याचा पेला दिलास तेव्हा. मी विचारलं तर तू म्हणालास, थिनरने होतं रे, रंगाऱ्याचे हात आहेत. मी मान डोलावली. आता आठवतंय, त्या दिवशी तू पाय वर घेऊन बसला होतास, आणि तळपायांवरही तेच होतं. रंगराव, धंदा पोराच्या हातात देऊन तुला वर्ष झालं. वर्षभर तू थिनरच्या डब्याला हात लावलेला नाहीस. आणि पायांनी तर तू कधीच भिंत रंगवली नाहीस.

हे मी आज भेटून सांगणार होतो, तुला आडोशाला घेऊन. पण सकाळी धाकटी दुकानात आली. तुला सांगून आली असेल, चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणून. डाव्या डोळ्याने धूसर दिसतं म्हणाली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि काचा लावत गेलो. एकामागून एक, माझ्याकडच्या सगळ्या. एकाही काचेने अक्षर साफ होईना. नंबरचा दोष असता तर कुठल्या तरी काचेने उणं-अधिक फरक पडला असता, एवढं तरी मला कळतं. मग हातात हात घेऊन बघितला. डाग आता पुसट आहेत, पण आहेत. कधी उठले, विचारलं तर म्हणाली, भांड्यांच्या साबणाने होतं, दादा. मी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, हा रोग डोळ्यातही उतरतो. तोच असेल तर इंजेक्शनं आहेत, रोग पूर्ण बरा होतो, वेळेत दिली तर डोळाही वाचू शकतो. पण थांबू नका, उद्या सकाळी पहिल्यांदा आणा.

तर उद्या सकाळी मी धाकटीला घेऊन जातोय. आज तिला माझ्याकडेच ठेवून घेतलंय, आतल्या खोलीत आडवी झाली आहे. हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवून, बेल वाजवून मी निघून येईन, तुझा चेहरा मला आज बघायचा नाही. मी तुझ्यावर रागावलोय, खूप रागावलोय, आणि तरीही तू माझा सगळ्यात जुना मित्र आहेस, यातलं काहीच खोटं नाही. तूही ये, तुझंही रक्त द्यायचंय. त्या शहरातल्या बाईलाही कळव, तिलाही तपासून घेऊ दे, कुणाकडून कुणाला लागलं याचा हिशेब आता मांडू नकोस. पण सगळ्यात आधी धाकटीला तुझ्या तोंडून कळू दे. तिथे रक्त घेतील, प्रश्न विचारतील, ते परक्या माणसाने विचारायच्या आत तू तिच्याशी बोललेला असला पाहिजेस. सकाळी खुर्चीवरून उठताना तिने मला विचारलं, “दादा, नुसता नंबरच वाढलाय ना?” मी हो म्हणालो. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसणाऱ्या कुणालाही मी खोटा नंबर सांगितला नव्हता. आता लवकर ये आणि तिला खरं सांग.

तुझाच,
चष्मेवाला