सौम्यपणाचे एकवीस दिवस

रविवार, ३ जून. दुपार.
पाळकसाहेबांचा उपदेश आज सौम्यतेवर. पूर्ण वेळ माझ्याकडे बघून. गेल्या रविवारी चर्चच्या आवारात पार्किंगवरून एकाची कॉलर धरली, ते अजून मनात ठेवून आहेत. क्षमा वगैरे फक्त आम्हीच करायची. पण नंतर ऑर्गन वाजवणारी (म्हणजे ती. नाव लिहिणार नाही, आई वही उघडते) म्हणाली की तिला सौम्य माणसं आवडतात. मला नाही, आईला म्हणाली. मी खांबामागे होतो. ठरलं. आजपासून मी सौम्य. माझ्यापेक्षा सौम्य कोणी असेल तर समोर यावं, बघून घेतो.

सोमवार, ४ जून.
मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचं आणि सौम्य राहायचं, म्हणजे तव्यावर बसून गार राहायचं. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. एकदा लिहून ठेवतो.) सकाळी सातला दातांचे डॉक्टर. क्लच असा सोडतात, जशी काही दाढ उपटतायत. गाडी सात वेळा बंद. मी एक शब्द बोललो नाही. पेन मोडलं. पेन माणूस नाही, सबब धरू नये.

मंगळवार, ५ जून.
ती आली. गाडी शिकायला! घरोघरी जाऊन पेशंट बघायची नर्सची नोकरी लागतेय, पण एक जुलैच्या आत लायसन्स हवं. परीक्षा बावीसला. मामाने तिला स्वतःकडे घेतलं होतं. मी सौम्यपणे सांगितलं, तिला माझ्याकडे दे, नाहीतर नोकरी सोडतो. मामा म्हणाला, आधी सोड तर खरं. शेवटी आई मध्ये पडली. लायसन्स मिळालं की तिला विचारणार. नाही म्हणायला कारणच उरणार नाही.

शुक्रवार, ८ जून.
उजवीकडे वळताना तिने डावा इंडिकेटर दिला. म्हणालो, छान. आरसा कुंपणाला घासला. म्हणालो, होतं असं. मागून हॉर्न मारणाऱ्याकडे फक्त बघितलं. तो गल्ली बदलून गेला.

बुधवार, १३ जून.
रिव्हर्स. दोन खांबांच्या मधे गाडी घालायची असते. ती खांबावरच घालते. पण माझ्या पायाशीही एक ब्रेक आहे. ती चुकली की मी अलगद दाबतो. तिला वाटतं, आपणच थांबवली. इतकी खूश होते! याला म्हणतात सौम्यता. मामाने बघितलं. म्हणाला, तू तिला शिकवतोयस की फिरवतोयस? मी वाद घातला नाही. ऑफिसचं दार आपटलं ते वाऱ्याने.

मंगळवार, १९ जून.
डॉक्टरांनी मामाकडे तक्रार केली, हा मुलगा माझ्यावर दात खातो. त्यांचा तास हल्ली तिच्यानंतर असतो. साठलेलं कुठेतरी निघणारच. ते शिकलेले आहेत, त्यांनी समजून घ्यायला हवं. तिच्याशी मात्र सोळा दिवसांत आवाज चढलेला नाही. पाळकसाहेबांना तरी जमेल का?

शुक्रवार, २२ जून.
नापास.
परीक्षेच्या गाडीत शेजारी मी नव्हतो, परीक्षक होते. रिव्हर्समध्ये ती गाडी थांबायची वाट बघत बसली. दोन्ही खांब गेले, पलीकडची कचऱ्याची बादलीही गेली. लागलं कोणाला नाही. परीक्षकांनी विचारलं, हिला शिकवलं कोणी? मी पुढे झालो आणि सौम्यपणे सांगितलं की तुम्हाला माणसाची पारख नाही. गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं. तिघांनी मला बाहेर नेलं. ती आत परीक्षकांची माफी मागत होती. माझ्या वतीने! आपला मानल्याशिवाय कोणी मागतं का? फेरपरीक्षा एकोणतीसला. पण मी आता थांबणार नाही.

रविवार, २४ जून. दुपारी १.
विचारलं. ती ऑर्गनचं झाकण लावत होती. लावून झालं, मग नीट माझ्याकडे वळून बोलली.
"तू माझ्यासाठी खूप केलंस, मी विसरणार नाही. पण मी चुकतेय हे तुला एकदाही सांगता आलं नाही. अशाने आपलं जन्माचं कसं निभेल? उद्यापासून मी मामांकडे शिकते. चालेल ना तुला?"
आवाज इतका मऊ. मी म्हणालो, थँक्यू. तिच्या गाण्यांच्या वह्या फाटकापर्यंत नेऊन दिल्या. एकंदरीत बोलणं उत्तम झालं.

दुपारी ३.
आईला सांगितलं, बोलणं उत्तम झालं. तिने शब्दन् शब्द वदवून घेतला. मग हातातली चादर अर्धवट घडी करून ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "अरे राजा, ती नाही म्हणाली."

संध्याकाळी ५.
सौम्यता आजपासून बंद. जाब विचारायचा म्हणून तिच्या घरापर्यंत गेलो. दार तिनेच उघडलं. उन्हातून आलास, पाणी घेतोस का, म्हणाली. पाणी प्यालो. परत आलो.
एकदा तरी ओरडायचं होतं तिने. मग मीही सोडलं नसतं. कोणाच्याही बापाला मी घाबरत नाही. पण असल्या माणसाशी भांडायचं कसं?